परसातले प्रयोग

भिलाईला माझ्या थोरल्या भावाच्या घरी कोजागरीच्या रात्री दूध चुलीवर चढले, की ते आटेपर्यंतच्या दीड-दोन तासांत परसात एक जुना प्रयोग होत असे. जुना म्हणजे शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी पहिल्यांदा केलेला आणि आता शाळेच्या पुस्तकात दोन ओळींपुरता उरलेला. दादा पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ होता. त्याला या प्रयोगांतून नवे काही शोधायचे नव्हते आणि पाहुण्यांना शहाणे करावे असाही त्याचा आविर्भाव नसे. एखाद्या घरी कोजागरीला भेंड्या होतात, एखाद्या घरी गाणे होते, तसा त्याच्या घरी प्रयोग होई. मी मात्र कितीतरी वर्षे या कार्यक्रमाकडे किंचित वरून पाहत आलो. ती दृष्टी बदलायला जे कारण घडले ते सुखाचे नव्हते. म्हणूनच ते लिहून ठेवावेसे वाटते.

भिलाई हे एका कराराने वसवलेले गाव आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगढात आहे. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नव्हता. १८५४ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता आणि नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी काही तासांत दुर्गला पोचवते. कारखान्यासाठी साऱ्या देशातून माणसे आली, त्यांत विदर्भातली पुष्कळ कुटुंबे होती. दादा १९७४ साली रुजू झाला. त्याला सेक्टरमध्ये जे क्वार्टर मिळाले त्याच्या मागे ऐसपैस परस होते. पेरू, शेवगा, कढीपत्ता आणि मधोमध तुळस. एका बाजूला तेलुगू बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला बंगाली, मागच्या ओळीत छत्तीसगढी. कुंपणावरून भाज्यांच्या वाट्या जात-येत, तसेच शब्दही. वहिनी वर्ध्याच्या. त्यांनी त्या परसात माहेरच्या चालीप्रमाणे भुलाबाई मांडली आणि भुलाबाईची गाणी ज्या पौर्णिमेला संपतात ती कोजागरी साऱ्या गल्लीची करून टाकली.

प्रयोगांचा उगम एका पुस्तकात होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा पडली. मायकेल फॅरडे तिचा प्रवर्तक आणि तिचा सर्वांत लाडका वक्ताही. १८६०–६१ च्या नाताळात त्याने सहा व्याख्याने दिली ती केवळ एका मेणबत्तीवर. सणाच्या दिवसांत, मुलांना समोर बसवून, घरातल्या एका साध्या वस्तूला प्रश्न विचारत जायचे ही कल्पना दादाच्या मनात भरली. ‘त्यांच्या नाताळात मेणबत्ती, तर आपल्या कोजागरीत का नको?’ असे तो म्हणाला. वहिनींनी एकच अट घातली : दूध करपता कामा नये.

पहिल्या वर्षी फॅरडेचीच मेणबत्ती झाली. दादाने काचेची एक वाकवलेली नळी आणली. तिचे एक टोक ज्योतीच्या मध्यभागी, वातीलगतच्या काळसर भागात धरले. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकातून पांढरट वाफ निघू लागली. तिला त्याने काडी लावली आणि नळीच्या त्या टोकाला, मेणबत्तीपासून वीतभर अंतरावर, एक दुसरी चिमुकली ज्योत उभी राहिली. मग त्याने मेणबत्ती फुंकली आणि वर जाणाऱ्या धुराच्या रेषेला दुरूनच काडी दाखवली. ज्योत त्या धुरावरून घसरत खाली येऊन वातीवर बसली. मुले ओरडली. जळते ते मेण नसून मेणाची वाफ असते, हे सांगण्याची गरज उरली नाही.

त्या रात्री वहिनींनी एका शंभरपानी वहीत नोंद केली. पुढे ती प्रथाच झाली. दूध किती, साखर किती, माणसे किती, आणि शेवटी प्रयोगाविषयी एक वाक्य. एका वर्षीची नोंद अशी आहे : ‘प्रयोग झाला नाही. नळी फुटली. दूध छान झाले.’ मी त्यावर हसलो, तेव्हा त्या गंभीरपणे म्हणाल्या, ‘नाही झाला हेही लिहायला हवं ना भाऊजी. नाहीतर पुढच्या वर्षी आपल्याला वाटेल, झालाच होता.’

मी त्या काळात विद्यापीठात साहित्य शिकवीत होतो. माझ्या प्रबंधाचा विषय साहित्यातील अनुभवाची अनन्यता हा होता. कवितेतला अनुभव एकदाच घडतो, त्याची पुनरावृत्ती संभवत नाही. विज्ञानातला अनुभव पुनरावृत्तीवाचून सिद्धच होत नाही. असा एक नीटस भेद मी त्यात मांडला होता आणि पुढे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो. नीटस भेदांचा एक मोह असतो. ते सांगत असताना आपण विचार करीत आहोत असे वाटत राहते. त्या भेदाच्या भरवशावर मी एकदा दादाला विचारले, ‘जे दोनशे वर्षांपूर्वीच कळून चुकले आहे, ते पुन्हा करून पाहण्यात काय मिळते?’ दुधावरची साय बाजूला सारत तो म्हणाला, ‘तू दरवर्षी ज्ञानेश्वरी वाचतोस ती काय शेवट ठाऊक नाही म्हणून?’

मला उत्तर सुचले नाही. सुचायला हवे होते, कारण उत्तर माझ्याच भाषेत होते. रसायनशाळेत होतो तो प्रयोग आणि रंगमंचावर होतो तोही प्रयोगच. एखादा विधी कसा करावा याचे क्रमवार विवेचन करणाऱ्या पोथ्यांनाही प्रयोग म्हणतात. या साऱ्यांत समान असे एकच आहे. आधी लिहिलेले किंवा ठाऊक असलेले काहीतरी पुन्हा, प्रत्यक्ष, याच घटकेला घडवून आणायचे. आणि ते घडेलच याची हमी नाही. नाटकाचा शंभरावा प्रयोगही फसू शकतो. हे मी नाट्यसमीक्षेत लिहिले होते. परसातल्या मेणबत्तीला ते लागू करावे असे मात्र मनात आले नाही.

माझ्या आत्मविश्वासाला पहिला तडा गेला तो बरणीच्या प्रयोगाने. पाण्याने भरलेल्या परातीत मेणबत्ती उभी करायची, ती पेटवून तिच्यावर काचेची बरणी पालथी घालायची. मेणबत्ती विझते आणि बरणीत पाणी वर चढते. आमच्या पिढीने याचे स्पष्टीकरण शाळेत घोकले होते : हवेचा एकपंचमांश भाग प्राणवायू, तो जळण्यात खर्च झाला, त्याची जागा पाण्याने घेतली. मी मोठ्या उत्साहाने मुलांना हे सांगितले. दादाने काही न बोलता तीच बरणी पुन्हा पालथी घातली, या वेळी तीन मेणबत्त्यांवर. पाणी पहिल्यापेक्षा बरेच वर चढले.

‘आता बरणीतला प्राणवायू वाढला का?’ त्याने विचारले.

स्पष्टीकरण साधे होते. जळत्या ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावते आणि तशीच विरळ हवा बरणीत अडकते. ज्योत विझली की ती थंड होऊन आकसते आणि पाणी आत खेचले जाते. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा बरणीतला सगळा प्राणवायू संपलेला नसतोच. बराचसा शिल्लक असतो. पाठ्यपुस्तकातला आकडा बरोबर होता, पण त्याला दिलेला पुरावा त्याचा नव्हता. मी घरी परतलो तो हाच विचार करीत. आपल्या समीक्षेत अशी किती विधाने असतील, जी एकाने दुसऱ्याच्या ग्रंथातून उचलली आणि तिसऱ्याने दुसऱ्याच्या, आणि ज्यांवर एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही? माझ्याच प्रबंधातली काही अवतरणे मी मूळ ग्रंथ न उघडता दिली होती. ती चुकीची निघाली नाहीत, हा निव्वळ योगायोग.

खरा एकपंचमांश पाहायचा तर ज्योत नको, गंज हवा, असे दादाचे म्हणणे. त्याने एका लांब काचनळीच्या आतल्या ओल्या भिंतीला लोखंडाचा बारीक कीस लावला, नळी पाण्यात पालथी उभी केली आणि मुलांना रोज रेघ ओढायला सांगितले. पाणी सावकाश चढत गेले आणि तीन-चार दिवसांनी नळीच्या साधारण पाचव्या हिश्शावर येऊन थांबले. कीस तांबडा झाला होता. गंजणे हेही जळणेच, फक्त फार सावकाश. लाव्हाझिएने हेच पाऱ्यावर केले होते. बारा दिवस त्याने बंद हवेत पारा तापवत ठेवला. पन्नास घन इंच हवेतली सात-आठ घन इंच नाहीशी झाली आणि पाऱ्यावर तांबडी भुकटी जमली. तीच भुकटी अधिक तापवल्यावर तेवढीच हवा परत मिळाली. पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून दादाने तो प्रयोग कधी केला नाही. ‘आपल्या गावाचा धातू लोखंड आहे. आपण लोखंडाला विचारू,’ असे तो म्हणे.

त्या गावाचे सारे जीवन लोखंड आणि प्राणवायू यांच्या भांडणावर उभे आहे, हे मला त्या नळीपाशी कळले. दल्ली-राजहराच्या खाणींतून येणारा तांबडा दगड म्हणजे एक प्रकारचा प्राचीन गंजच. झोतभट्टीत कोकमधला कार्बन त्या दगडातला प्राणवायू हिरावून घेतो आणि कच्चे लोखंड मोकळे होते. मग पोलाद करण्यासाठी त्याच वितळलेल्या लोखंडात शुद्ध प्राणवायूचा झोत सोडतात. तो आत उरलेला कार्बन जाळून टाकतो. आधी काढून घ्यायचा, मग पुन्हा द्यायचा. म्हणून अशा कारखान्याला हवेतून प्राणवायू वेगळा काढण्याचे स्वतःचे संयंत्र लागते. दादा निवृत्त झाला, रिसालीच्या बाजूला त्याने घर बांधले, त्यालाही परस ठेवले. आणि दूध आटत राहिले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये वहिनी गेल्या.

त्या दिवसांत दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी होती. मला जाता आले नाही. वहिनी आतल्या खोलीत, दादा बाहेर दाराशी खुर्ची टाकून. रोज संध्याकाळी त्याचा फोन येई आणि तो फक्त एक आकडा सांगे. बोटाला लावायच्या चिमट्यावर दिसणारा, रक्तातल्या प्राणवायूचा. पंचाण्णव. त्र्याण्णव. पुन्हा त्र्याण्णव. बरी आहे किंवा नाही असे तो एकदाही म्हणाला नाही. आयुष्यभर भट्ट्यांतल्या वायूंचे प्रमाण मोजण्यात गेलेल्या माणसाला आकड्यापुढे विशेषण लावण्याची सवय नव्हती. शहाऐंशी झाले त्या रात्री त्यांना रुग्णालयात हलवले. त्याच आठवड्यांत भिलाईच्या कारखान्यातला द्रवरूप प्राणवायू टँकरांमधून अनेक राज्यांतल्या रुग्णालयांकडे जात होता. त्याच्या बातम्या रोज येत होत्या. वहिनींच्या उशाशी प्राणवायू नव्हता असे नाही. तो होता, तो घेणारी फुफ्फुसे उरली नव्हती. दादाने नंतर मला एवढेच सांगितले आणि कोणालाही दोष दिला नाही.

मराठीने या वायूला दिलेले नाव त्या वर्षी सर्वांना जसे कळले तसे पूर्वी कधी कळले नसेल. लाव्हाझिएने दिलेल्या ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थ आम्ल उत्पन्न करणारा. सर्व आम्लांत हा वायू असतोच अशी त्याची समजूत होती आणि ती पुढे चुकीची ठरली. आपल्या भाषेने पंचप्राणांच्या जुन्या विचारातला शब्द उचलून या वायूला लावला. शास्त्रज्ञ म्हणतील, हे काव्य झाले. असेल. पण दोन नावांपैकी अधिक खरे कोणते, हे त्या एप्रिलमध्ये कोणालाही विचारावे.

२०२१ ची कोजागरी झाली नाही. वहीत त्या वर्षाची नोंद नाही.

२०२२ च्या नवरात्रात मी दादाकडे राहायला गेलो. मीही निवृत्त झालो होतो. पुतणी बंगळुरूहून आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. ललिता पंचमीला सकाळी दादाने लोणच्याच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या धुऊन पुसल्या आणि नातवाला परसातून पुदिन्याच्या दोन टवटवीत डहाळ्या आणायला सांगितले. प्रत्येक परातीत त्याने पेल्यात डहाळी ठेवली आणि बाजूला दोन मेणबत्त्या. एक आज विझण्यासाठी, दुसरी दहा दिवसांनी पेटण्यासाठी. दुसरीच्या वातीला आगकाडीची दोन गुले बांधलेली होती. ओल लागू नये म्हणून ती मेणात बुडवली होती. पहिली पेटवून त्याने बरणी पालथी घातली. ज्योत बारीक झाली आणि गेली.

हा जोसेफ प्रीस्टलीचा प्रयोग. १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्याने मेणबत्ती विझून गेलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली आणि २७ तारखेला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती नीट जळताना पाहिली. ज्वालेने आणि श्वासाने बिघडलेली हवा वनस्पती पुन्हा सुधारते, हे माणसाला तेव्हा प्रथम दिसले. पंचमी ते पौर्णिमा दहा तिथी; प्रीस्टलीचे दिवसही दहा. हा हिशेब मीच काढला आणि दादा हसला. दीड वर्षात मी त्याला प्रथमच हसताना पाहत होतो.

एक बरणी पेरूच्या झाडाखाली ठेवली, जिथे पानांतून ऊन येत होते. ‘दुसरीला अंधारी जागा हवी,’ तो म्हणाला. मी कोठीची खोली सुचवली. तो परात उचलून आतल्या खोलीत घेऊन गेला. त्या खोलीच्या खिडकीला आजारपणात जाड पडदा लावला होता. तो अजून तसाच होता.

त्या दहा दिवसांत तो संध्याकाळी नातवाला प्रीस्टलीच्या गोष्टी सांगे आणि मी ऐकत बसे. १ ऑगस्ट १७७४ रोजी प्रीस्टलीने बारा इंच व्यासाच्या भिंगाने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर ऊन एकवटले आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती लखलखून जळली. पुढच्या वर्षी त्याने त्या वायूत एक उंदीर ठेवला. साध्या हवेत तो पाव तास जगला असता. इथे अर्धा तास राहिला आणि बाहेर काढून शेकल्यावर हुशारही झाला. मी मर्ढेकरांची ओल्या पिंपातल्या उंदरांची कविता कितीतरी वर्षे शिकवली. तिच्यावर उपलब्ध असलेले बहुतेक सारे अर्थ मला पाठ आहेत. पण उंदीर, बंद भांडे आणि संपत जाणारा श्वास या तीन गोष्टी, त्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत ऐकताना जशा भिडल्या तशा त्या वर्गात कधी भिडल्या नव्हत्या.

प्रीस्टलीचे मला अधिक जवळचे वाटले ते त्याचे अपयश. ऑक्टोबर १७७४ मध्ये पॅरिसला एका भोजनप्रसंगी त्याने आपल्या नव्या वायूची हकीकत लाव्हाझिएला सांगितली. लाव्हाझिएने त्यावरून ज्वलनाची जुनी उपपत्तीच मोडून टाकली. प्रीस्टलीला मात्र ती शेवटपर्यंत सोडवली नाही. पदार्थातून फ्लोजिस्टन नावाचे तत्त्व बाहेर पडते म्हणून तो जळतो, असे तो १८०४ साली मरेपर्यंत मानत राहिला. ज्याने पाहिले त्याला कळले नाही आणि ज्याला कळले त्याने नाव चुकीचे दिले. १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या जमावाने प्रीस्टलीचे घर आणि प्रयोगशाळा जाळली ती त्याच्या राजकीय आणि धार्मिक मतांसाठी. १७९४ मध्ये पॅरिसमध्ये लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला तो करवसुलीच्या जुन्या मक्तेदारीतल्या भागीदारीसाठी. रसायनशास्त्राशी दोन्हींचा संबंध नव्हता. आपल्या उपपत्तीला चिकटून राहणाऱ्या वृद्ध प्रीस्टलीकडे मी पूर्वी उपहासाने पाहिले असते. आता माझा अनन्यतेचा सिद्धांत माझ्याकडे पाहत होता.

कोजागरीला दुपारी तीन वाजता शेजारची मंडळी जमली. मेणबत्ती बरणीतल्या बरणीत पेटवायची तर भिंग आणि ऊन लागते, म्हणून त्या वर्षी प्रयोग दुधाच्या आधी झाला. दादाने आतली बरणी पराती­सकट बाहेर आणली. डहाळी पिवळी, मलूल, पण तग धरून होती. त्याने काचेतून भिंगाचा बिंदू वातीवर धरला. बराच वेळ काही झाले नाही. मग गुले फुर्रकन पेटली, क्षणभर उजेड झाला आणि धूर राहिला. वात पेटली नाही.

पेरूखालच्या बरणीतल्या डहाळीला पाण्यात पांढरी मुळे फुटली होती. तिथेही गुले पेटली, विझली. आणि आता काही उरले नाही असे वाटत असताना वातीच्या टोकाशी एक निळसर कण दिसला. तो वाढला. ज्योत उभी राहिली आणि मुलांनी मोजायला सुरुवात केली. ती किती आकड्यांपर्यंत टिकली ते आठवत नाही, कारण मी दादाकडे पाहत होतो.

नातवाने विचारले, ‘आजोबा, आतलं झाडपण जिवंतच होतं ना? मग त्याने हवा का नाही चांगली केली?’

हा प्रश्न प्रीस्टलीच्या काळातही पडला होता. पुष्कळांना त्याचा प्रयोग साधेना. शीलेला तर उलटाच निष्कर्ष मिळाला. खुद्द प्रीस्टलीला पुढे कधी यश आले, कधी आले नाही. १७७९ साली इंगेनहाऊझ या डच वैद्याने उलगडा केला : वनस्पती हवा सुधारते ती उजेडात; अंधारात तीही आपल्यासारखीच हवा बिघडवते. ज्यांचे प्रयोग फसले त्यांच्यामुळे हे कळले. दादाने हे सांगितले आणि शेवटी म्हणाला, ‘झाडाचा दोष नाही रे. त्याला उजेड मिळाला नाही.’ एवढे बोलून तो परात रिकामी करायला गेला.

नागपूरहून येताना दुर्गच्या आधी राजनांदगाव लागते. १९५८ पासून अखेरपर्यंत गजानन माधव मुक्तिबोध तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. घरात मराठी आणि लेखन हिंदीत, असा हा कवी. ‘तीसरा क्षण’ या निबंधात त्यांनी कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला, जीवनातल्या उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे उभा राहण्याचा. तिसरा, त्याला शब्द मिळण्याचा. मी हे अनेकदा शिकवले, परंतु दुसऱ्या क्षणाचे उदाहरण देताना नेहमी अडखळलो. त्या दुपारी ते माझ्यासमोर घडले. दादाने आपले दुःख बोलून दाखवले नाही, त्याचे प्रतीकही केले नाही. तो असे काही करणारा माणूस नव्हे. त्याने फक्त श्वास, हवा आणि उजेड यांच्याविषयीचा एक अडीचशे वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विचारला आणि जे उत्तर येईल ते घ्यायला तयार राहिला. दोन्ही बरण्यांत मेणबत्ती पेटली नसती तरी त्याने ते स्वीकारले असते. पुनरावृत्तीने अनुभव शिळा होतो असे मी मानत आलो होतो. पण दुसऱ्याने प्रामाणिकपणे केलेले एक कृत्य आपण पुन्हा आपल्या हातांनी करतो, तेव्हा त्याच्या अनुभवात आपल्या अनुभवाला जागा मिळते. कोजागरीलाही आपण दरवर्षी तेच दूध आटवतो आणि कोण जागे आहे हा तोच प्रश्न ऐकतो.

रात्री चंद्र शेवग्यावर आला. ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची चाल आमच्या घरात आईने चालवली, तिच्यामागे वहिनींनी. त्या रात्री पुतणीने दादाला ओवाळले. निरांजनाकडे तो नेहमीसारखाच, ज्योतीच्या मधल्या काळसर भागाकडे पाहत होता. दूध किंचित करपले होते. कोणी काही बोलले नाही.

सगळे गेल्यावर त्याने फडताळातून ती शंभरपानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. ‘तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.’ चाळीस वर्षे मी लिहीत आलो, पण वाक्य लिहिताना असा हात कधी थांबला नव्हता. आधी मनात आलेली दोन वाक्ये मी लिहिली नाहीत. ती फार चांगली होती. मग वहिनींच्या नोंदींखाली, त्यांच्याच पद्धतीने, लिहिले :

‘२०२१ : कोजागरी झाली नाही. २०२२ : दूध ६ लिटर, माणसे २३. थोडे करपले. उजेडातली मेणबत्ती पेटली. आतली पेटली नाही.’

दादाने चष्मा लावून ते वाचले, मान हलवली आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा परसातल्या दोरीवर एक जाड पडदा धुऊन वाळत घातलेला होता.